नातीचं कोपर आणि माझा हात

आमच्या नातीचं कोपर ती दीड वर्षाची असताना पहिल्यांदा निसटलं, आणि चार वर्षांची होईस्तोवर तीनदा. तिन्ही वेळा ते जागेवर आलं, त्यामुळं हे रडगाणं नाही. मला दोन बायांचे उपकार मानायचे आहेत, एक दौंडची डॉक्टरीण आणि दुसरी माझी सून. डॉक्टरीणबाईंचे मी तिथल्या तिथं मानले. सुनेचे तोंडानं कधी मानले नाहीत, म्हणून लिहायला बसलो. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण कुणाकडून लिहून घेतलेलं नाही.

आम्ही मूळचे मेंढरांमागं फिरणारे. वडिलांनी वडगाव रासाईच्या शिवारात जमीन केली आणि आम्ही एका जागी बसलो. मी कांदा-उसाचा शेतकरी झालो, तरी दहा-बारा मेंढरं दारात ठेवलीच. कोकरू उचलायची आमची रीत अशी, की चालता चालता वाकायचं, पुढच्या एका पायाला धरायचं आणि एका हिसक्यात काखेत घ्यायचं. दुसऱ्या हातात काठी असते. हे कुणी शिकवत नाही, हाताला आपोआप लागतं.

स्वतःची पोरं मात्र मी कधी उचलली नाहीत. वडिलांसमोर आपलं पोर अंगावर घ्यायची तेव्हा लाज वाटायची. पोरं कवा चालायला लागली, कवा शाळेत गेली, मला कळलंसुद्धा नाही. पुढं कारेगावच्या बाजूला कंपन्या आल्या. पोरगा तिकडं कामाला लागला, पहाटेच्या गाडीनं जायचा. सून रानात जायची. आमच्या म्हातारीचे गुडघे धरलेले. मग नातीला सांभाळायचं काम मी मागून घेतलं. लोक हसले. मी म्हटलं, हसा. त्या पोरीनं माझं बोट धरलं, की मला दुसरं काही सुचायचं नाही.

पहिल्या वेळी कांद्याला पाणी चालू होतं. पोरगी माझ्याबरोबर बांधावरून चालत होती. मधे पाट आला. मी तिचं मनगट धरलं आणि एका हातानं उचलून पलीकडं ठेवली. रोजच ठेवायचो, ती खिदळायची. त्या दिवशी खिदळली नाही, किंचाळली. मग रडणं थांबलं, पण डावा हात तिनं पोटाशी धरला तो धरलाच. सूज नाही, खरचटलेलं नाही. हाताला कुणी बोट लावलं की ओरडायची.

मी आजवर शे-दीडशे मेंढरांचे पाय जोडलेत. दुसऱ्या मेंढपाळांच्या वाड्यावरून, म्हणजे मुक्कामावरून, मला बोलावणं यायचं. मी हळद गरम केली, बांबूच्या कामट्या तासल्या आणि हात बांधून टाकला.

सून म्हणाली, "मामा, दवाखान्यात न्यायची का?"

"कशाला? आठ दिवसांत हाड धरतंय."

म्हातारी चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "मेंढराला बोलता येत न्हाई, म्हणून तुमचं नाव झालंय."

दुसऱ्या दिवशी पोरीनं भाकरीचा तुकडासुद्धा उजव्याच हातानं घेतला. सुनेनं मला पुन्हा विचारलं नाही. लुगड्याचं बोचकं बांधलं, पोरीला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "आमी दौंडला निघालोय. तुमी येताय, का मी एकली जाऊ?" सून एवढं कधी बोलत नसे. मी मुकाट्यानं टोपी घातली.

डॉक्टरीण वयानं माझ्या मुलीएवढी. तिनं कामट्या सोडल्या, बघितल्या, बाजूला ठेवल्या. हसली नाही, ही तिची मोठी गोष्ट. पोरीला सुनेच्या मांडीवर बसवलं. एका हातानं कोपर धरलं, दुसऱ्यानं मनगट. तळवा वर फिरवला आणि हात खांद्याकडं दुमडला. पोरगी एकदा ओरडली, बस. मग डॉक्टरीणबाई आम्हाला म्हणाल्या, "बाहेर बाकावर बसा, हिच्याशी खेळा." थोड्या वेळानं पोरीनं त्याच डाव्या हातानं माझी टोपी ओढली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते उपरण्यानं पुसलं, धूळ गेली म्हणून सांगितलं.

आत बोलावून बाईंनी विचारलं, "हात कुणी ओढला होता?"

मी तोंड उघडायच्या आत सून म्हणाली, "खेळता खेळता पडली."

"पडून असं सहसा होत नाही. लहान मुलांच्या कोपराचं हाड एका पट्ट्यात बसलेलं असतं. हात धरून ओढला, उचललं, गरगर फिरवलं, की ते निसटतं. दोष कुणाचा नाही, लोकांना माहीत नसतं. पण एकदा झालं की परत होऊ शकतं. उचलायचं ते दोन्ही काखांत हात घालून. पाच वर्षांची होईपर्यंत जपा."

मी भिंतीवरच्या तक्त्याकडं बघत होतो. सगळं ऐकलं आणि काहीच ऐकलं नाही. घरी आल्यावर म्हातारीला म्हटलं, "पोरीची हाडंच नाजूक हायत. आईकडनं आलंय." सून पाठमोरी भांडी घासत होती.

पुढं सहा-सात महिने काही झालं नाही. मग एकदा झबलं काढताना बाही अडकली, सुनेनं ओढली आणि कोपर पुन्हा निसटलं. सून रडायला लागली. खोटं कशाला लिहू, मला आतून बरं वाटलं. आता निदान माझ्या एकट्याच्या हाताचं नाव नव्हतं. आणि मी नुसतं मनात ठेवलं नाही, बोललो. "बघितलंस? आईच्या हातनंबी होतंय." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पोरीला घेऊन एकटीच दौंडला गेली. ते वाक्य मला आज परत गिळता आलं असतं तर गिळलं असतं.

तिसऱ्या वेळी आम्ही दोघंच होतो, मी आणि नात. ती तीन वर्षांची झाली होती. दौंडच्या बाजारात तिला चपला घ्यायला नेली होती. परतीची एस.टी. लागली, गर्दी झाली. कंडक्टर ओरडला, "आबा, चढा लवकर, का पुढच्या गाडीनं येताय?" पायरी उंच. एका हातात पिशवी. मी वर चढलो आणि दुसऱ्या हातानं तिला खालून वर ओढली.

माझ्या मुठीत तिचं मनगट होतं. आत काहीतरी सरकलं ते मला कळलं. मेंढरांच्या पायात आयुष्यभर बोटं फिरवलेला माणूस मी, कळणारच. तिनं हात पोटाशी धरला आणि माझ्याकडं बघितलं. रडायच्या आधी बघितलं.

मी खाली उतरलो. कंडक्टर काहीतरी बोलला, ते आठवत नाही. तिला दोन्ही हातांनी छातीशी धरून दवाखान्यापर्यंत चालत गेलो. वाटेत एकच विचार होता, की आता घरी गेल्यावर ही पोरगी माझ्याकडनं काढून घेतील. आणि घेतली तर त्यांचं चूक काय?

बाईंनी विचारलं, "कुणी ओढलं?"

"मी," म्हटलं. "पहिल्या वेळीबी मीच. पडली नव्हती."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "आजोबा, तुमचा अंगठा इथं ठेवा." माझा अंगठा त्यांनी पोरीच्या कोपरावर ठेवला आणि हात फिरवून दुमडला. माझ्या अंगठ्याखाली बारीक टक् झालं. तुरीची वाळकी शेंग उकलावी तसं. एवढीशी ती गोष्ट. त्याला मी कामट्या बांधल्या होत्या.

"हे घरी करायचं नाही बरं का," त्या म्हणाल्या. "फक्त कळावं म्हणून दाखवलं. आता तिला उचला." मी काखांत हात घालून उचलली. "परत." परत उचलली. असं पाच-सहा वेळा करायला लावलं. नात हसायला लागली, तिला वाटलं खेळच आहे.

घरी पोचलो तेव्हा सून ओट्यावर कांद्याच्या पाती खुडत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. एस.टी.चं सांगितलं, पाटाचंही सांगितलं.

ती खाली बघतच म्हणाली, "पाटाचं मला ठावं हाय, मामा. मी पलीकडच्या वाफ्यात हुते. बघितलं मी."

"मग दवाखान्यात 'पडली' असं का सांगितलंस?"

"परक्या बाईसमोर तुमची मान कशाला खाली घालायची? अन् तुमाला कळंल कवातरी, असं वाटलं."

दीड वर्ष तिनं हे पोटात ठेवलं होतं. मी तिला बाहीवरून बोललो, तेव्हाही ते तिच्या पोटात होतं. एका शब्दात मला गप्प करू शकली असती. म्हातारीनं दारातून ऐकलं होतं. म्हणाली, "आता तरी पाणी पिऊन घ्या, घसा सुकलाय तुमचा," आणि तांब्या पुढं केला. तिच्याकडनं एवढंच बोलणं आलं, याचंही मला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गोठ्यात काम काढून बसलो. वाटलं, सून पोरीला बरोबर रानात नेईल, आपण समोर नसावं. ती खुरपं घेऊन निघाली, गोठ्याच्या दाराशी थांबली. कडेवर पोरगी.

"मामा, हात धुवा," ती म्हणाली. "शेणाचे हायत."

मी हात धुतले. तिनं पोरगी पुढं केली. मी दोन्ही काखांत हात घालून घेतली. तिनं नीट बघून घेतलं, लपवलं नाही, आणि म्हणाली, "अक्षी बरोबर. दुपारी दूध-भात घाला तिला, मला यायला उशीर व्हईल." आणि बांधाच्या वाटेला लागली. मागं वळून बघितलं नाही.