दोनदा झालेला तीनचा भोंगा

या सदरातले अनुभव मी बरेच दिवस वाचते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक मनातल्या मनात खोडून काढते. मी जिऑलॉजीची विद्यार्थिनी. दगड हातात घेतला की तो कसा बनला हे सांगता आलं पाहिजे, नाहीतर सरळ ‘माहीत नाही’ म्हणायचं, अशी आमच्या मॅडमची शिस्त. भुताखेतांत मला कधीच रस नव्हता, आजही नाही. पण मार्चमध्ये आमच्या घरी जे झालं ते मला खोडताही येत नाही आणि समजावूनही सांगता येत नाही... म्हणून लिहिते आहे.

आमचं घर भंडारा जिल्ह्यात, चिखल्याला, मॅंगनीज खाणीच्या कॉलनीत. बाबा अंडरग्राउंडला आहेत. घरात भिंतीवर घड्याळ आहे, पण त्याच्याकडे कोणी फारसं बघत नाही. कॉलनी चालते भोंग्यावर. पहिली पाळी तीनला सुटते, तेव्हा भोंगा होतो, आणि भोंगा झाला की आई चहा मांडते. बाबा दारात चपला काढेपर्यंत चहाला उकळी आलेली असते. शाळेत असल्यापासून मी हेच बघत आले.

आमच्या घरात कॉलेज बघणारी मी पहिलीच. सध्या नागपूरला एम. एस्सी. करते. मागच्या हिवाळ्यात मॅडमनी बोलावून सांगितलं, जर्मनीत एक सेमिस्टर शिकायची संधी आहे, स्कॉलरशिपसह, अर्ज कर. तिथलं गावही एकेकाळी खाणीचंच. खाण बंद झाल्यावर मागे राहिलेल्या जमिनीचं, पाण्याचं काय करायचं, हे तिथे शिकवतात. मला वाटलं, हे शिकून कोणी परत यायची गरज असेल तर ती आमच्याच भागाला आहे.

मॅडमनी अर्ज चार वेळा तपासून दिला. बाबांनी सुट्टी टाकून पासपोर्टसाठी माझ्याबरोबर चकरा मारल्या. शेवटी राहिला ऑनलाइन इंटरव्ह्यू. ठरल्या वेळी हजर नसाल तर अर्ज बाद, पुन्हा वेळ मिळणार नाही, असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं.

वेळ त्यांच्याकडची दिली होती. जर्मनी आपल्या साडेचार तास मागे, हे मी फेब्रुवारीतच पाहून ठेवलं होतं. त्या हिशोबाने आपल्याकडचे सव्वातीन. रूमवर पाच मुलींचा गोंगाट, म्हणून मी घरी आले. सोपं गणित होतं — तीनचा भोंगा झाला की लिंक उघडायची.

इंटरव्ह्यूच्या सोमवारी मी जेवण लवकर आटपलं. रेंज फक्त मागच्या खिडकीत येते, म्हणून मोबाइल तिथे ठेवून हॉटस्पॉट लावला. इस्त्रीचा कुर्ता घातला आणि डोळे मिटून उत्तरं घोकत बसले. आई तांदूळ निवडत होती.

आणि भोंगा झाला.

“झाला वो बाई भोंगा, ऊठ!” आई सूप बाजूला ठेवून म्हणाली. “देवाचं नाव घे अन् बस. मी चहा मांडतो, तुहे बाबा येतीनच आता.”

मी लिंक उघडली. लॅपटॉपच्या कोपऱ्यात वेळ दिसत असते, पण तेव्हा तिकडे कुणाचं लक्ष जातं! थोडं थांबवून त्यांनी मला आत घेतलं. समोर तिघे. त्यांतले एक पांढऱ्या केसांचे प्राध्यापक. त्यांनी विचारलं, तुमच्या गावी खाणीचा भोंगा होतो म्हणता... तो बंद झाला तर गावाचं काय होईल?

याचं उत्तर मी घोकलेलं नव्हतं. सुचलं ते सांगितलं. मी पाचवीत असताना जुना भोंगा काढून इलेक्ट्रिकचा बसवला. नवा आवाज बारीक होता. पहिला आठवडाभर आई त्याला ओळखायचीच नाही. बाबा घरी यायचे आणि चूल थंड असायची. भोंगा थांबला तरी लोक काही दिवस त्याची वाट बघत राहतात, आणि तेवढ्या दिवसांत त्यांना दुसरं काहीतरी द्यावं लागेल, असं मी म्हटलं. ते तिघेही लिहून घेऊ लागले.

शेवटी प्राध्यापक हसून म्हणाले, “तुम्ही अगदी वेळेवर आलात, याचं कौतुक वाटतं. रविवारीच आमची घड्याळं एक तास पुढे गेली. दूरच्या देशांतले विद्यार्थी दर वर्षी यात चुकतात.”

मी थँक्यू म्हटलं. मला काहीच कळलं नव्हतं. घड्याळं पुढे जातात म्हणजे काय?

बाहेर आले तर आई चुलीपाशी वैतागून बसलेली. “कसा झाला?... बरा झाला ना? मंग बस. तुह्या बाबाचा पत्ता नाई अजून. चहाचा काढा होऊन राहिला.”

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजायला वीस मिनिटं होती. मोबाइलमध्ये पाहिलं. तेच.

मी आईला सांगितलं. तिनेही घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मोबाइलवर शोधलं: रविवारपासून जर्मनी आपल्या साडेतीनच तास मागे होती, म्हणजे माझी वेळ सव्वातीनची नव्हतीच, सव्वादोनची होती. आणि थोड्या वेळाने तीनचा भोंगा झाला... रोजचा, बारीक आवाजाचा. आईने माझा हात घट्ट धरला.

बाबा आले, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “काहून वो, सकाळचा चहा आहे का हा?”

आईने सगळं सांगितलं. शेजारच्या शेवंताकाकू अंगणात मोहफुलं वाळत घालत होत्या, त्यांना हाक मारली. “दोन वाजता भोंगा? नाई बा,” त्या म्हणाल्या. “मी तं इथंच होती जेवल्यापासून. तुमी मायलेकी आतापासूनच जर्मनीच्या टायमानं चालून राहिल्या का?” आणि खो खो हसल्या.

बाबा मात्र हसले नाहीत. “कसा वाजला तो? आवाज काढून दाखव.”

मी काढून दाखवला. आधी घसा खाकरल्यासारखी घरघर, मग जाड, लांब हुंकार, आणि शेवटी खाली खाली जाणारा. काढता काढता माझ्याच लक्षात आलं.

बाबांनी कप खाली ठेवला. “हा तं जुना भोंगा आहे,” ते हळूच म्हणाले. “भंगारात गेला तो. तुह्या समोरच ट्रकात चढवला होता.”

दुसऱ्या दिवशी बाबांनी ड्युटीवर चौकशी केली. दोनला कुठलाही भोंगा झाला नव्हता. मी म्हटलं, एखाद्या ट्रकचा हॉर्न असेल. ट्रक काय इथे रोज जातात; आई कधी ट्रकच्या हॉर्नवर चहा मांडत नाही. ताणामुळे भास झाला म्हणावं, तर तो आईला कसा झाला? तिला तर इंटरव्ह्यूचं टेन्शनही नव्हतं, मी पास होणार हे तिने आधीच ठरवून टाकलं होतं. आणि घड्याळं बदलतात हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही.

माझी निवड झाली. व्हिसाही आला. सप्टेंबरअखेर निघायचं आहे. मॅडमना हे सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, “अशा वेळी काय म्हणायचं असतं?” मी म्हटलं, “माहीत नाही.” त्या म्हणाल्या, “शाब्बास.”

परवा बॅग भरताना मी आईला सांगितलं की ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं पुन्हा एक तास मागे जातील, तेव्हा फोनची वेळ बदलेल. लक्षात ठेव.

“मी कायले लक्षात ठेवू?” आई माझे स्वेटर बॅगेत दाबत म्हणाली. “ज्यानं तवा सांगतलं, तो सांगन की.”