पडद्यामागची बाई

उत्तर ध्रुवाजवळच्या त्या खाणीच्या गावात आमची बोट दुपारी लागली. कोळसा संपत आला होता आणि बरीचशी माणसं गाव सोडून गेली होती. आम्ही पर्यटक बर्फातून हिंडत रिकाम्या इमारतींचे फोटो काढत होतो. मी एका खिडकीवर कॅमेरा रोखला, तोच आतला पडदा हलला. तिथे एक वयस्कर बाई उभी होती. मी गडबडून कॅमेरा खाली घेतला.

ती शाल गुंडाळत बाहेर आली आणि आमच्या गाइडशी तिच्या भाषेत बोलू लागली.

"रागावल्या का त्या?" मी विचारलं.

"नाही. या खाणीच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायच्या. म्हणतात, सगळे घराचाच फोटो काढतात. माझाही एक काढा."

थांबा, असं खुणेनं सांगून ती आत गेली. परतली ती केस विंचरून, फुलाफुलांचा उन्हाळी झगा घालून. त्या थंडीत!

"अहो, लवकर काढा, गारठतील त्या," बायको म्हणाली.

ओसाड म्हणून आम्ही जे पाहायला आलो होतो, तिथे कुणाचा तरी संसार अजून चालू होता.

"फोटो कुठे पाठवू?" मी विचारलं.

गाइडने तिचं उत्तर सांगितलं, "पाठवू नका म्हणतात. पुढच्या वर्षी इथे कुणीच नसेल. तुमच्याच घरी राहू द्या."

आता आमच्या दिवाणखान्यात, नातवंडांच्या फोटोंशेजारी ती उभी असते. पाहुणे विचारतात, "या कोण?"

बायको सांगते, "आमच्याकडे राहतात."