‘लोकपरंपरा’ खोडायला लावणारी अनसूयाकाकू

अनसूयाकाकू गेली, हे तिच्या सुनेनं, विमलनं, फोनवर सांगितलं. “सकाळी चहा घेतला, उन्हात बसली, अन् गेली...” मी वाशीमच्या कॉलेजात वर्गावर निघाले होते. तास घेतला नाही. रडले, खोटं कशाला बोलू? पण महिना उलटल्यावर आज लिहायला बसले तर रडू येत नाही, छाती फुगते. माझ्या नावाआधी जे ‘डॉक्टर’ लागलंय ना, ते धनजच्या या चौथी शिकलेल्या बाईनं लावलंय. तेही माझ्याशी कडाकडा भांडून.

धनज माझं माहेर आणि काकू आमची शेजारीण. वऱ्हाडातले शेतकरी घरच्या घरी बियाणं कसं राखतात, हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यासाठी तिच्या ओसरीवर मी दोन वर्षं ठाण मांडून होते. तुरीच्या बियाण्यात राख किती घालायची, कडुनिंबाचा पाला कधी, गाडग्याचं तोंड शेणमातीनं कसं लिंपायचं... ती सांगायची, मी उतरवायचे. प्रबंध पुरा झाला तेव्हा शेवटच्या मुदतवाढीचे तीन आठवडे उरले होते. ती हुकली की नोंदणी रद्द, इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. अशात मी मोठ्या तोऱ्यात तिला बियाण्याचं प्रकरण वाचून दाखवायला गेले. तिनं डोळे मिटून ऐकलं.

“हे राखेचं तुले कोनं सांगतलं, ते लिवलं का?”

“लिहिलंय की. खाली तळटीप आहे. ‘लोकपरंपरा’.”

“लोकपरंपरा कोन व्हय? कोन्या गावची?”

मी हसले. ती नाही हसली. “मले माह्या आत्यानं सांगतलं, अनसिंगच्या. तिले तिच्या सासूनं. पुस्तकावाल्या मास्तरायची नावं लिवली, पानं लिवली, अन् आमच्या बायायचं नाव लिवाले तुह्या हाताले लकवा मारला का?”

अस्सा राग आला मला! असं चालत नसतं, नियम असतात, सूचीत छापील पुस्तकं येतात, म्हणून तणतणत घरी आले. पण प्रबंध उघडला आणि ओशाळले. पानापानावर मी ‘लोकपरंपरा’ लिहून हात झटकले होते.

दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि परत तिच्यापुढे जाऊन बसले. मी एकेक तळटीप वाचायची, ती सांगणारीचं नाव, गाव आणि हंगाम सांगायची. लॅपटॉपवरचं संदर्भ जुळवायचं सॉफ्टवेअर आडनाव मागत होतं. बायकांना तर दोन आडनावं, लावायचं कुठलं? काकूनं तिथल्या तिथे निकाल दिला, “सांगतलं तवा ती माहेरी होती ना? मंग माहेरचं लाव.” जिचं नाव तिला आठवेना, तिच्यासाठी तिनं मला खुशाल अनसिंगला पिटाळलं. मी मुकाट्यानं गेले.

आणि मग आला गोणपाटाचा मजकूर. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे, किती उगवले ते मोजायचं आणि त्यावरून बियाणं पारखायचं. गावात सगळेच करतात. मी त्यावर चार पानं लिहिली होती, पूर्वजांचं विज्ञान वगैरे. काकू तोंडाला पदर लावून हसत सुटली. “कायचे पूर्वज वं माय! हे तं मी रेडिओवर आयकलं, शेतकऱ्यायच्या कार्यक्रमात. मंग गावाले सांगतलं.”

“अगं, मग आधी का नाही बोललीस?”

“तू इचारलंच कुठी? तू तं लिवूनच राह्यली होती.”

चारही पानं खोडली, नव्यानं लिहिली. माझे मार्गदर्शक वैतागले. म्हणाले, “आता हा खेळ कशाला? तोंडी माहिती परिशिष्टात ढकला.” मी ढकलली नाही. मुख्य सूचीतच, अकारविल्हे, मोठमोठ्या लेखकांच्या रांगेत काकूच्या आत्याला नेऊन बसवलं. मुदतीच्या आदल्या दिवशी प्रबंध दाखल केला.

तोंडी परीक्षेला काकू नवं पातळ नेसून आली आणि थेट पहिल्या रांगेत बसली. बाहेरगावचे परीक्षक कडक होते. पहिलाच प्रश्न, “गोणपाटाची चाचणी तुम्ही परंपरेत धरली नाहीत?” म्हटलं, “नाही सर, ती रेडिओवरून आली. कुणी ऐकली, गावात कुणी नेली, ते तळटिपेत आहे.” त्यांनी चष्मा काढला. “मी हेच पान आधी उघडलं होतं. इथं बहुतेक जण घसरतात.” मग सूची चाळत म्हणाले, “या बायकांपैकी आज बोलायला कुणी आहे का हो?”

“मी हाव ना, साहेब!” काकू उभीच राहिली. “इचारा, काय इचारता ते.”

त्यांनी खरंच विचारलं. काकूनं प्रत्येक उत्तराआधी ते कुणाकडून आलं त्या बाईचं नाव घेतलं आणि मगच उत्तर दिलं. शेवटी सगळा हॉल टाळ्या वाजवत होता, परीक्षकसुद्धा. काय थाट होता बाईचा त्या दिवशी! परतीच्या जीपमध्ये आम्ही दोघी शेलूबाजार येईपर्यंत हसत होतो.

तेरवीला गेले तेव्हा सगळं आटोपल्यावर काकूच्या खोलीत जाऊन बसले. भिंतीशी तिची गाडगी होती तशीच होती. विमलनं त्यातल्या एकाचं झाकण काढून दाखवलं. बियाण्यावर बारीक रेतीचा जाड थर होता. म्हणाली, “रेती असली का किडा खाली उतरत नाही.” हे काकू मला कधीच बोलली नव्हती. मी घाईनं पिशवीतून वही काढली आणि सवयीनं लिहायला लागले, ‘सांगणारी: अनसूया...’

विमलनं माझ्या पेनावर हात ठेवला.

“थांबा ताई. हे बुढीचं नोय. हे मी करून पाह्यलं, मंग बुढी माह्याकून शिकली.” तिनं पदर नीट केला. “विमल लिवा. नुसतं सून म्हून नका लिवू.”