खाडीकडे पाठ करून बसलेला फोटोग्राफर

नेरूळच्या खाडीवर मी रोज सकाळी चालायला जातो. हिवाळ्यात तिथे फ्लेमिंगो उतरतात आणि त्यांच्यामागून कॅमेरेवाले. त्यातला एक काही डोक्यातून जात नाही. पुण्याहून खास पक्ष्यांसाठी आलेला हा गृहस्थ पाण्याकडे पाठ करून, घडीच्या स्टुलावर बसून मांडीवरच्या टॅबमध्ये घुसला होता.

"लॅपटॉपचं ओझं कोण वाहणार, काका? प्रवासात टॅबच बेस्ट," मी न विचारताच तो म्हणाला. त्या हलक्या टॅबसाठी कीबोर्ड, पेन, कार्ड रीडर, पॉवर बँक आणि वायरींचा गुंता एवढा संसार शेजारी मांडला होता.

फोटोतल्या राखाडी पिल्लांना तो गुलाबी रंग फासत होता.

"अहो, लहानपणी ती राखाडीच असतात," मी म्हटलं.

"असतील. लोकांना गुलाबीच लागतात."

तेवढ्यात अख्खा थवा उठला. आभाळ पंखांनी भरून गेलं. मी आ वासून बघत राहिलो. हा मात्र स्क्रीनवर येणारं ऊन तळहाताने अडवत बसला होता. बऱ्याच वेळाने त्याने मागे वळून रिकाम्या पाण्याकडे पाहिलं.

"गेले वाटतं? जाऊ दे, माझ्याकडे आहेत."

त्याच्याकडचे पक्षी मी तरी या खाडीवर कधी पाहिलेले नाहीत.