दीड एमएमची वायर

मुंबईच्या गोदीत अकरा वर्षं काढून धाकू वायरमन त्र्याऐंशी साली लायसन घेऊन गुहागरकडे गावी परतला. काम पक्कं आणि जीभ तिखट, अशी त्याची ख्याती होती. त्या जिभेपायीच त्याचं हाड मोडलं.

बाबल्या पालशेतकर होडीवाला, अंगाने दांडगा. खलाशांवर वल्हं उचलायला मागेपुढे पाहत नसे. विहिरीवर दोन हॉर्सपॉवरची मोटार बसवायला त्याने धाकूला बोलावलं. वायर आधीच आणून ठेवली होती. धाकूने तिचं टोक सोलून पाहिलं आणि गुंडाळी खाली ठेवली.

"ही दिव्याची वायर. दीड एमएम, त्यात अ‍ॅल्युमिनियम. मोटारीला नाय चालायची."

"का? वीज ती वीजच ना?"

"तुझी मोटार बारा अँपिअर ओढणार. सुरू होताना त्याच्या पाचपट. विहीर दीडशे फुटांवर. चार एमएमची तरी हवी. ही तापून पेटेल, आणि माळ्यावर तू नारळाची सुकी सोडणं, सगळी सालं भरून ठेवलीयस."

"मला शिकवतोस?"

"तुला नाय शिकवत. पण मी ही घालणार नाय."

ओटीवर बसलेल्यांपैकी कोणीतरी हसलं. बाबल्याने कोपऱ्यातलं वल्हं उचललं. धाकू वळतोय तोवर ते उजव्या खांद्यावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला. पडल्यावर बरगडीत दोन लाथा. बाबल्याची बायको दमयंती मधे पडली, तर तिच्याही तोंडात चपराक बसली.

"पोलिसात जा," धाकूची बायको सगुणा म्हणाली. तो गेला नाही. हात झोळीत अडकवून पडून राहिला आणि मनातल्या मनात बाबल्याला रोज बडवत राहिला.

बाबल्याने तीच वायर माळ्यावरून, वाशांना बांधून, स्वतः ओढली. मोटार नुसती घुमायची, फिरायची नाही, आणि फ्यूज जायचा. मग तो जाऊच नये म्हणून त्याने फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार पिळून घातली.

नवव्या दिवशी दुपारी पालशेतकरांच्या कौलांतून धूर निघाला. धाकू झोळीतल्या हातानिशी धावला. माणसं बादल्या ओतत होती. जळकी वायर माळ्यावरून तुटून उंबऱ्यातल्या पाण्यात पडली होती आणि तडतडत होती. आत माजघरात बाबल्याची आई गंगुबाई अडकली होती.

बाबल्या दाराकडे धावला. धाकू आडवा झाला.

"थांब! लाइन चालू हाय! पाण्यात पाय ठेवलास तर मरशील!"

"आई आत हाय, सोड!" म्हणत बाबल्याने त्याच मोडक्या खांद्यावर ठोसा मारला. धाकूच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. डाव्या हाताला अंगणातलं बांबूचं दांडकं लागलं, ते त्याने बाबल्याच्या गुडघ्यावर हाणलं. बाबल्या कोसळला. मग धाकूने दुसरा फटका तोंडावर मारला. दोन दात मातीत पडले. या फटक्याची गरज नव्हती, हे हात उचलतानाच त्याला कळत होतं. तरी मारला, आणि बरं वाटलं.

मेन स्विच ओटीच्या बाहेरच्या भिंतीवर होता. त्याच कोरड्या बांबूने धाकूने दांडा खाली ठोकला. तडतड थांबली. चौघे आत घुसले आणि गंगुबाईला ओल्या गोधडीत गुंडाळून बाहेर घेऊन आले. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. म्हातारी वाचली, पण बोटं कायमची आखडली. पुढे सूनच तिला भरवायची.

नवं छप्पर चढल्यावर दमयंती चार एमएमची गुंडाळी घेऊन धाकूच्या दारात आली.

"अजून हाडं मोडायची शिल्लक हायत का?" सगुणाने विचारलं.

"त्यानं काय केलान ते मला ठाऊक हाय, वैनी. पण दुसऱ्या कोणाचा भरवसा नाय."

धाकूने वायर सोलून पाहिली आणि सगुणाकडे न बघता पक्कड घेतली. खांदा वर जात नव्हता, म्हणून डाव्या हाताने तीन दिवस लागले. बाबल्या अंगणात जाळं विणत बसला होता. तिसऱ्या दिवशी दमयंतीने बटण दाबलं आणि विहिरीचं पाणी धो धो वर आलं.

जाताना धाकू बाबल्यापाशी थांबला.

"तोंडावर मी उगाच मारलं."

बाबल्याने जाळ्यावरून नजर न उचलता विचारलं,

"मोटार तापत नाय ना?"

"नाय."

"मग जा."

धाकू घरी गेला.