उजवा गाल

शनिवार, २३ जानेवारी १९९९. पुण्याहून निघालेली मंडळी: आई, धाकटा भाऊ सुरेश आणि मी. वाहन: सुरेशची जुनी जीप. सोमवारची एक रजा टाकली की मंगळवारी सव्वीस जानेवारी, असे चार दिवस सलग मिळत होते, म्हणून मी हीच तारीख धरली. कामे दोन. साताऱ्याला तात्यांकडून वडिलांचा फोटो घ्यायचा आणि सांगलीला कॉम्प्युटरवर तो साफ आणि मोठा करून आणायचा.

वडिलांचा एकही फोटो आमच्या घरात नव्हता. ते माधवनगरला एका गिरणीत, रिंग खात्यात (सुताला पीळ देतात ते खाते) कामाला होते. काविळीने गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि सुरेश आईच्या पोटात. त्यानंतर आई आम्हाला घेऊन पुण्याला मामाकडे आली ती कायमचीच. गेल्या दिवाळीत तात्यांचा निरोप आला की ट्रंक आवरताना खात्याचा ग्रुप फोटो सापडलाय, त्यात तुमचे वडील आहेत. तात्या म्हणजे वडिलांचे खात्यातले जोडीदार. आता साताऱ्याला मुलाकडे असतात.

निरोप ऐकल्यापासून सुरेशला दुसरे काही सुचत नव्हते. मार्चमध्ये त्याला नव्या फ्लॅटची किल्ली मिळायची होती. "दारातून आत आलं की समोर अण्णांचा फोटो. बाकी भिंतीला काय लावायचं ते तुम्ही ठरवा," असे त्याने सगळ्यांना सांगून ठेवले होते. चौतीस वर्षांचा माणूस, आणि बाप दिसायला कसा होता हे त्याला माहीत नव्हते.

शिरवळला चहा घेतला. मी पाण्याचा कॅन भरून घेऊ या म्हटले, तर सुरेश म्हणाला, साताऱ्यापर्यंत कशाला लागतंय. खंबाटकीच्या दुसऱ्याच वळणावर जीपच्या बॉनेटमधून वाफ निघाली. मागे उसाचा ट्रक, त्याच्या मागे एसटी. ट्रकच्या क्लीनरने खाली उतरून आम्हाला पाणी दिले आणि वर सुनावले, "गाडी म्हातारी हाय, तिला धाप लागनारच. म्हातारीला पानी नगं व्हय?"

आई मागच्या सीटवरून म्हणाली, "मला न्हाई रं बाबा, मी प्यालीया." क्लीनर हसत हसत परत गेला आणि सुरेशने बॉनेट उघडून पाणी ओतले.

साताऱ्यात शिरताना अजिंक्यताऱ्यावर ऊन आले होते. तात्यांचे घर किल्ल्याच्या पायथ्याच्या बाजूला, चढाच्या गल्लीत. जीप खाली लावून चालत गेलो. तात्या ओट्यावर वाट बघतच बसले होते. जयभीम झाले, पाणी झाले. सूनबाईंनी बाजरीची भाकरी आणि पावट्याचे कोरड्यास (भाकरीबरोबरचे कालवण) केले होते. पण सुरेशचे जेवणात लक्ष नव्हते. शेवटी तात्याच म्हणाले, "ह्येला आदी फोटू दावा, न्हाईतर भाकरी घशात अडकंल."

फोटो पोस्टकार्डाएवढा, पिवळट पडलेला. गिरणीच्या फाटकासमोर तीन रांगांत माणसे. मधल्या रांगेत कडेला टोपी घातलेले वडील. चेहरा चिंचोक्याएवढा. तात्यांनी आमच्या आधीच एक शहाणपण केले होते. गावातल्या एका फोटोग्राफरकडून त्या चेहऱ्यावर कॅमेरा धरून पुन्हा फिल्म काढून घेतली होती आणि त्यावरून पाटीएवढा मोठा फोटो करून ठेवला होता.

सुरेशने तो हातात घेतला. मी त्याच्या खांद्यावरून पाहिले. काळे-पांढरे दाणे, नुसते दाणे, ज्वारी सांडावी तसे. टोपी कळत होती, कान कळत होता. डोळ्यांच्या जागी काळोख.

"तात्या, ह्यात माणूस कुठंय?" सुरेश म्हणाला.

"फिल्मचा दाना हाय त्यो. ल्हान मोटं केलं की दाना बी मोटा व्हतो. फोटोग्राफर म्हनला, ह्याच्यापुढं माजा इलाज न्हाई."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन उन्हाळ्यात करायचे ठरले आहे. ती तिथूनच म्हणाली, "धर की रं नीट. हलवू नगंस." सुरेशने फोटो छातीशी धरला. आईने पदर डोक्यावर ओढला आणि बघत राहिली. मग म्हणाली, "हाय त्येच हाय. तिरकी मान. असंच हुबं राहायचं."

मी दारापाशी आईजवळ गेले. चष्मा असताना दाणेच दिसत होते. चष्मा काढला आणि दाणे एकमेकांत मिसळून एकदम माणूस उभा राहिला. वडिलांच्या मला दोनच गोष्टी आठवतात, त्यांचा आवाज आणि हाताला लागणारा खरखरीत गाल. ती मान बघितल्यावर आवाजसुद्धा आठवला. मी सुरेशला म्हटले, "तू इकडून बघ." मी फोटो धरला, तो दारात जाऊन उभा राहिला, डोळे बारीक केले, मोठे केले.

"कुणीतरी आहे," तो म्हणाला. "टोपीवाला." आणि फोटो पिशवीत घातला.

आम्हा दोघींकडे आठवण होती म्हणून ते दाणे जुळले. त्याच्याकडे जुळवायला काहीच नव्हते. त्याला साफ फोटोच हवा होता, आणि ते रास्तच होते.

रविवारी सकाळी कंदी पेढे बांधून घेऊन सातारा सोडले. कराडपर्यंत रस्त्यावर उसाच्या गाड्यांची रांग. पुढे इस्लामपूरवरून सांगलीकडे वळल्यावर दोन्ही बाजूंना ऊसतोड चाललेली आणि मध्ये मध्ये द्राक्षांचे मांडव. द्राक्षे अजून आंबट होती. सुरेशने तरी घेतली आणि आईने तोंड वाकडे करून सगळी खाल्ली. मुक्काम स्टँडजवळच्या लॉजवर. खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच. रात्री भडंग आणि ताक.

सोमवारी विश्रामबागेत फोटोवाल्या नितीनकडे गेलो. सुरेशच्या ऑफिसातल्या मित्राने पत्ता दिला होता. तिशीचा, हसरा, भराभर बोलणारा माणूस. दुकान छोटे, पण आत स्कॅनर, प्रिंटर आणि कपड्याने झाकलेला कॉम्प्युटर. चपला बाहेर काढायला लावल्या.

"ग्रुप फोटोवरूनच करतो," तो म्हणाला. "साताऱ्याचा मोठा नको. त्यात दाणेच जास्त आहेत. नुसता मोठा केला तर फोटो फाटतो, चौकोन चौकोन दिसतात. मी एकदम गुळगुळीत करून देतो. दोन तासांनी या."

आम्ही कॉलेजच्या रस्त्याने एक चक्कर मारली, भेळ खाल्ली, परत आलो. प्रिंट टेबलावर होता. खरे सांगते, मी चकित झाले. पाठीमागची भिंत गेली होती, पिवळेपणा गेला होता. चकचकीत काळ्या-पांढऱ्या कागदावर एक देखणा तरुण, कपाळ स्वच्छ, गाल तुकतुकीत, डोळे सरळ आपल्याकडे. सुरेशने प्रिंटच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या. त्याचा आवाज बदलला. "अक्का, हे बघ. अण्णा."

"आईंना दाखवा," नितीन म्हणाला.

आईने प्रिंट नाकाजवळ नेला, मग लांब धरला. "कोन म्हनायचं ह्यो?"

"अण्णा, आई."

"सुऱ्याच हाय की ह्यो. टोपी घातलेला."

नितीन थोडा वरमला, पण लपवले नाही त्याने. "मावशी, डोळ्यांत काहीच नव्हतं ओ, नुसता काळा डाग. दादा सकाळी समोर बसले होते, तेव्हा त्यांचे बघून ठेवले, तसेच भरले. मुलगा बापासारखाच असणार की."

"डोळं ऱ्हाऊ द्यात. गालाचं काय केलंसा?"

"गाल साफ केला. लय डाग होते."

"डाग न्हवं त्ये," आई म्हणाली. "देवी येऊन गेलेल्या त्येंच्या अंगावर. वन व्हते. गाल असा," तिने तळहात वाटीसारखा करून हवेत फिरवला, "रवाळ."

कॉम्प्युटरला काय कळणार, फिल्मचा दाणा कुठला आणि देवीचा वण कुठला. आम्हालाही कळला नव्हता. मला आठवणारा खरखरीत गाल मी आजवर दाढीचा समजत होते.

सुरेशने प्रिंट टेबलावर ठेवला. त्याच्याकडे बघवेना. आत्ताच मिळालेला बाप पुन्हा हातातून गेला होता. "मग आता?" तो नितीनला म्हणाला. "पहिल्यासारखं करता येतं का?"

"जुनी फाइल तशीच आहे. पण मग परत दाणेच दिसणार. वण कुठले, दाणे कुठले, मला कसं कळायचं?"

"मला इचारा की," आई म्हणाली.

तिला खुर्चीवर बसवले. नितीनने पडद्यावर तो चेहरा आणला, न पुसलेला. डोळ्यांच्या जागी काळोख होता तो तसाच ठेवायला आईने सांगितले. आई काचेपाशी वाकली. एरवी तिला नोटा ओळखता येत नाहीत, पण इथे तिचे बोट थेट जाऊन टेकत होते. "हितं एक, भुवईच्या वर. त्येच्या खाली न्हाई, थोडं कानाकडं. हितं जोडीनं दोन. ह्यो न्हवं, ह्यो पूस." आई सांगेल तिथला दाणा नितीन माउसने ठेवत होता, बाकीचे पुसत होता. सुरेश मागे उभा राहून बघत होता. एकेक वण जागेवर बसत गेला तसा तो गाल कुणा एका माणसाचा होत गेला.

"मावशी, तुमची बोटं मला द्या, धंदा वाढंल माझा," नितीन म्हणाला.

"बोटं घिऊन काय करशील, डोळं न्हाईत त्येंच्यासंगं," आई म्हणाली, आणि स्वतःच हसली.

वडिलांचा डावा गाल झाला. नितीनने चेहरा सरकवून उजवा गाल मध्ये घेतला. आईचे बोट वर गेले आणि तसेच राहिले.

"सांगा की," नितीन म्हणाला.

"आठवंना."

"सावकाश सांग," सुरेश म्हणाला.

"सावकाशीचं न्हाई रं. मी बघितलाच न्हाई त्यो गाल." ती आमच्याकडे वळली. "घरात सासू-सासरं. त्येंच्यादेखत नवऱ्याच्या तोंडाकडं बघायचं व्हय? जेवताना चुलीपाशी माज्या उजव्या हाताला बसायचं, तवा भाकरी वाढता वाढता ह्यो एवढा एकच गाल दिसायचा. दुसरा भिंतीकडं."

 नितीनने व्यवहाराचे विचारले, "मग हा गुळगुळीत करू का? दोन्ही बाजू सारख्या दिसतील."

"नगं," आई म्हणाली. "मला आठवत न्हाई तितं पुसू नगा."

नितीनने सुरेशकडे पाहिले. फोटो सुरेशसाठी होता, पैसे तो देणार होता. त्याने मान हलवली. "आई म्हणते तसंच."

प्रिंट वाळेपर्यंत मी म्हटले, माधवनगर जवळच आहे, आमची जुनी खोली बघून येऊ. आमची चाळ अजून उभी होती. आमच्या खोलीत एक तरुण बाई राहत होती. कारण ऐकून तिने कपाळावर हात मारला. "आवं, चूल कवाच गेली, ग्यास हाय आता. पन बसा की, खोली काय पळून चाललीया व्हय?" तिने गॅसची शेगडी खाली उतरवून दिली. आई जुन्या जागेवर बसली आणि सुरेशला उजव्या हाताला बसवले. बघितले. मग म्हणाली, "ऊठ. ह्या अंगाला ये." तो डावीकडे येऊन बसला, गाल पुढे करून. फार वेळ तिने त्याच्या गालावर नजर ठेवली.

"येतंय का काही?"

"न्हाई," ती म्हणाली. "पन तुजी दाढी वाढलीया."

त्या बाईने चहा केला. तिला पेढे दिले आणि निघालो. विश्रामबागेतून प्रिंट घेतला. ती फाइल फ्लॉपीत मावत नाही, म्हणून नितीनच्या मशीनमध्येच ठेवली आहे. "कधीही या, एका दिवसात करून देतो," असे त्याने सांगितले आहे. मंगळवारी पुणे गाठले. घाटात पाण्याचे दोन कॅन होते; लागले नाहीत.

सुरेश नव्या घरात राहायला जाऊन महिना झाला. फोटो दारासमोर लावला आहे. तिरकी मान, डोळ्यांत काळोख, डाव्या गालावर वण आणि उजवा गाल दाण्यांनी भरलेला. येणारे पाहुणे म्हणतात, फोटो छान झालाय, पण एका बाजूने खराब झाला वाटतं, दुसरा काढून घ्या. सुरेश म्हणतो, "खराब नाही. काम चालू आहे."

रविवारी आई त्याच्याकडे जेवायला येते. तो तिच्या डाव्या हाताला बसतो. भाकरीवरचा तिचा हात मध्येच थांबतो आणि ती त्याच्याकडे बघते. तोही घास हातात धरून थांबतो.

"आठवलं?"

"न्हाई. जेव तू."

निघताना ठरवलेल्या दोन्ही कामांवर मी रेघ मारली आहे. उजवा गाल राहिला आहे.