अक्काच्या खांद्यातला पांढरा डाग

मी जोयड्यात हायस्कूलला विज्ञान शिकवते. स्टाफरूममध्ये नवसाच्या, भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की हसून विषय बदलणाऱ्यांतली मी. त्यामुळे हे इथं लिहिताना लाज वाटतेय... पण घरात कुणाशी बोलताही येत नाही.

गेल्या वर्षी माझा उजवा खांदा धरला. वेणी घालता येईना, फळ्यावर लिहिता येईना. बेळगावच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. स्नायू हाडाला जोडणाऱ्या टेंडनमध्ये कॅल्शियमचा पांढरा डाग, वाकड्या शेपटीच्या थेंबासारखा. गोळ्या झाल्या, शेक झाला, व्यायाम झाले. शेवटी सुईनं तो धुऊन काढायचं ठरलं.

त्याआधीच उळवीच्या देवाची जत्रा आली. माझी थोरली जाऊ, आम्ही तिला अक्का म्हणतो, अणशीला शेतावर राहते. तिनं हट्टानं मला नेलं. मी देवळाबाहेर चपलांपाशीच थांबले. ती आत जाऊन आली आणि माझ्या खांद्याला भस्म लावलं.

परतताना जीपनं वळण घेतलं, माझा तोल गेला आणि मी वरचा दांडा पकडला. उजव्या हातानं! दुखलं नाही. मी हात वर-खाली करून बघितला, आनंदानं ओरडलेच. अक्का बसली होती, उजवा हात पोटाशी धरून.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. गाडीचे हिसके."

पुढच्या आठवड्यात भावोजी तिला घेऊन आमच्याकडे आले. तिला पदरसुद्धा सावरता येत नव्हता. बेळगावला त्याच डॉक्टरांनी दोघींचे एक्स-रे काढले. माझा साफ. तिच्या उजव्या खांद्यात पांढरा डाग... वाकड्या शेपटीचा थेंब.

"कॅल्शियम कधी कधी आपोआप विरघळतं, मॅडम," डॉक्टर म्हणाले. "आणि यांना ते आधीपासूनच असेल. दुखायला आत्ता लागलं."

"आणि आकार?"

त्यांनी माझी जुनी फिल्म तिच्या फिल्मशेजारी लावली. दोन्ही डागांवरून बोट फिरवलं. "योगायोग," एवढंच म्हणाले.

बाहेर बाकावर मी अक्काला विचारलं, "देवाजवळ काय मागितलंस?"

"तुझा हात. आनि काय?"

"नीट सांग."

ती खाली बघत म्हणाली, "म्हटलं, ह्या पोरीला फळ्यावर लिहायचं असतंय. दुखणं कुनाला द्यायचंच आसंल तर मला दे. मला काय लिहायचं हाय?"

मी तिचा सुटलेला पदर सावरला.

मग सुई तिच्या खांद्यात गेली. सिरिंजमध्ये खडू कालवल्यासारखं पांढरं पाणी आलं. दुखणं कमी झालं, पण डोक्यावर भारा अजून घेता येत नाही. तो भावोजी आणतात.

नंतर मी एकटी उळवीला गेले. 'माझं मला परत दे', एवढंच म्हणायचं होतं. हात जोडले, शब्द ओठांवर आले... आणि वाटलं, खरंच दिलं तर? तशीच मागं फिरले. विश्वास नाही म्हणणारी मी, मग घाबरले कशाला?

डॉक्टरांनी सांगितलेलं कारण मी वर्गात शिकवू शकेन. त्या दोन फिल्म मात्र मला अजून समजावता येत नाहीत, स्वतःलासुद्धा.

काल अक्काचा फोन आला. तिनं आधी विचारलं, "खांदा बरा हाय न्हवं तुझा?"

मी म्हटलं, "व्हय."